चौथ्या पेटीतला खडक

पृथ्वी सगळं सोसते, पण सत्य कधी पोटात ठेवत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता तिने आठ मीटर लांबीचा काँक्रीटचा खांब पोटात ठेवला.

कागदावर सहा मीटरखाली खडक होता. खांबाने तिथे अडावं आणि दोन मीटर डोकं वर ठेवून उभं राहावं, असा हिशेब होता. घणाच्या चौथ्या ठोक्याला तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. भोकात काळं पाणी उरलं आणि एक बुडबुडा.

या सखल जागेवर प्रसूतिगृह व्हायचं होतं. म्हणून माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाईंना बोलावणं गेलं. बाई आल्या त्याच मुळी रागाने. पाच महिन्यांपूर्वी इथला अहवाल त्यांनीच मंजूर केला होता, समोर आलेल्या नमुन्यांच्या पेट्यांवर विश्वास ठेवून.

मोठ्या साहेबांनी त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवलं. केबिन पत्र्याची, पण आत एसी, सोफा, काचेचं टेबल. बाहेर चारही बाजूंनी फुलझाडांच्या कुंड्या, एकीला एक चिकटून. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. नमुन्यांसाठी जमिनीत बोअर घेणाऱ्या मिस्त्रीच्या निलंबनाचा हुकूम. खाली साहेबांच्या शाईच्या पेनाची सही, आणि तारखेतल्या सहाच्या शेपटीला ऐटदार गाठ.

"तुम्ही फक्त 'चूक मिस्त्रीची' एवढं लिहून द्या. पाचच्या आत. म्हणजे विषय मिटला."

मिस्त्रीला निवृत्त व्हायला सात महिने होते. तीस वर्षांची नोकरी मातीत जाणार होती. बाईंनी कागद पर्समध्ये टाकला आणि सही न करता बाहेर पडल्या.

गोदामात पाच बोअरच्या पाच लाकडी पेट्या होत्या. जमिनीतून निघालेली माती आणि खडकाची कांडकी खोलीप्रमाणे मांडलेली, मध्ये मध्ये खोली लिहिलेले लाकडी ठोकळे. चार पेट्यांतले ठोकळे चिखलाने माखलेले, वर पेन्सिलीचे आकडे. चौथ्या पेटीतले ठोकळे स्वच्छ. आकडे शाईचे, सुबक, प्रत्येक सहाच्या शेपटीला गाठ.

मिस्त्री दारात उभा होता. घाबरलेला नव्हता, संतापलेला होता.

"चार नंबर तुम्ही घेतलात?"

"नाही बाई. मुलीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर होतो. आलो तर पेटी भरलेली. छोटे साहेब म्हणाले, बाहेरची मशीन येऊन गेली."

"ठोकळ्यांवर तुम्ही कशाने लिहिता?"

"सुताराच्या पेन्सिलीने. माल वर येतो तो चिखलपाण्यात लडबडलेला. शाई घटकाभर टिकायची नाही."

"मग ही पेटी बघून विचारलं नाहीत?"

"विचारलं. 'तू नवरीचा बाप आहेस की जमिनीचा?' म्हणाले."

छोटे साहेब म्हणजे जागेवरचा तरुण इंजिनियर. बाईंनी त्याला बाहेरच्या मशीनबद्दल विचारलं. मशीन कोणाची ते आठवत नव्हतं. किती दिवस होती तेही आठवत नव्हतं. चार नंबर नेमका कुठे, म्हटल्यावर त्याने हात असा फिरवला की त्यात अर्धा भूखंड आला.

"मी जागा विचारली," बाई म्हणाल्या, "वाऱ्याची दिशा नाही."

त्यांनी नकाशा उघडला. कोपऱ्यातल्या दगडापासून बत्तीस मीटर सरळ, मग बारा मीटर आत. टेपचं टोक धरून मिस्त्री चालत गेला. बुडालेल्या खांबाच्या पलीकडे तीन पावलांवर तो थांबला.

"बाई, पुढे जास्वंद आहे."

"जास्वंदीमागे?"

"साहेब."

"केबिन इथे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आधी केबिन आली, मग आम्ही."

पावणेपाचला बाईंनी दोन नंबरची आणि चार नंबरची पेटी उचलून आणवली आणि चिखलासकट साहेबांच्या काचेच्या टेबलावर ठेववली. दोन्हींतून खडकाचं एकेक कांडकं काढलं. तुटकी तोंडं जुळवली. फुटलेल्या बशीचे तुकडे बसावेत तशी ती बसली.

"चौथा बोअर कुणी घेतलाच नाही," बाई म्हणाल्या. "घेता आला नसता. त्या जागेवर तुमचा सोफा आहे. दोन नंबरची कांडकी फोडून अर्धी चारमध्ये मांडली. ठोकळ्यांवर शाई आहे आणि ती फुटलेली नाही, म्हणजे ते कोरड्यात लिहिले. इथे, एसीत. आणि हा सहा बघा." त्यांनी पर्समधून हुकूम काढून ठोकळ्याशेजारी ठेवला. "या साइटवर तुम्ही स्वतः केलेलं काम हे एवढंच."

साहेबांनी छोट्या साहेबांकडे पाहिलं. छोटे साहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "मी तीनदा म्हटलं होतं सर, केबिन सरकवू या. मशीनची थाप मारायचं मात्र मी कबूल केलं."

"अहो, दोनला खडक, पाचला खडक," साहेब म्हणाले. "मध्ये काय समुद्र असणार?"

"समुद्र नाही, बुजलेला ओढा. खाली नुसता गाळ. त्यावर तुम्ही बाळंतिणी झोपवणार होतात, आणि मी त्याला मंजुरी दिली होती."

बाईंचा आवाज चढला नव्हता. मिस्त्रीने तरीही टोपी काढली.

"केबिन हलवणं म्हणजे खेळ आहे का?" साहेब म्हणाले. "क्रेन आणायची, तारा सोडायच्या. चार दिवस काम बंद."

बाईंनी मिस्त्रीच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली. हुकमाच्या पाठीवर लिहिलं : चौथा बोअर घेतलेला नाही. मिस्त्री निर्दोष. पेटी मोठ्या साहेबांनी भरली. खाली स्वतःची सही केली, छोट्या साहेबांना साक्षीदार म्हणून करायला लावली आणि मिस्त्रीला चौथा बोअर लगेच सुरू करायला सांगितलं.

मिस्त्रीने आधी कुंड्या उचलल्या. त्यांच्यामागे केबिनला चाकं होती.