एक ते तीनचा पहारा

ज्ञानकोशात लिहिताना आप्पासो गुरुजींचा एक नियम होता. संदर्भाशिवाय वाक्य नाही. इंटरनेटवरची ती उघडी वही. कुणीही यावं आणि काहीही बदलून जावं. म्हणून तर जपून लिहायचं. पेन्शनीत बसून त्यांनी म्हसवडच्या रथापासून कराडच्या संगमापर्यंत चाळीसेक लेख लिहिले होते, आणि प्रत्येकाखाली पुस्तक, पान, साल.

बिनसंदर्भाचा लेख एकच. ज्ञानूबुवांचा.

ज्ञानूबुवा गावचे कीर्तनकार. बुवांनी चाल धरली की टाळकऱ्यांचे पाय आपसूक हलायचे, आणि गुरुजी तीस वर्षं त्यांच्या मागं टाळ घेऊन उभे होते. गेल्या चैत्रातल्या सप्ताहात, भर दुपारी, बुवा देवळातच गेले. सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकवत नाहीत. दोन-दोन तासांचा पहारा लावतात, आणि ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. अकरा ते एक बुवा, एक ते तीन आप्पासो, असं फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं. सगळं गाव शाळेच्या पटांगणात पंगतीला. गुरुजी पहिल्या पंगतीला पोटभर जेवले, घरी जरा आडवे झाले. डोळा उघडला तेव्हा अडीच वाजले होते.

देवळात बुवा पालथे पडले होते. वीणा त्यांच्याखाली, फरशीवर. गुरुजींनी आधी ती ओढून काढली, स्वतःच्या गळ्यात घातली, आणि मग लोकांना हाका मारल्या.

बुवांची बायको लीलाबाई पुढं महिनाभर एकच विचारत राहिली. "गुर्जी, वीणा भुईला लागली का वो? जाता जाता त्यांच्या हातनं तेवढं झालं न्हाई न्हवं?" घास तिच्या गळ्याखाली उतरत नव्हता. गुरुजींना तोंडानं काही सांगवेना. त्यांनी लेखात लिहिलं, 'दुपारी एक वाजता शिष्य आप्पासो यांनी वीणा आपल्या गळ्यात घेतली. त्यानंतर बुवांनी देह ठेवला.' लीलाबाईच्या नातीनं, शिवांजलीनं, ते फोनवर वाचून दाखवलं, आणि त्या दिवसापासून म्हातारी जेवायला लागली.

आठवड्यानं त्या ओळीपुढं आणखी एक ओळ आली. 'वीणा घेणाऱ्याचे हात गार होते.' कुणी लिहिली ते पाहावं म्हणून गुरुजींनी लेखाचा इतिहास उघडला. लिहिणाऱ्याच्या जागी नाव नव्हतं, नुसते आकडे. वेळ दुपारी एक. कुणाचा तरी चावटपणा म्हणून त्यांनी ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, पुढची घेऊन. 'तो काही बोलला नाही. पायऱ्यांवर त्याची ओली पावलं उमटली.'

गुरुजी देवळात गेले. हरिबा गुरव पायऱ्या झाडत होता.

"हरिबा, त्या दिवशी एक वाजता हितं कोण आलं होतं?"

"कोण म्हंजे? तुमीच की. मी वाढाय निगालो हुतो. राम राम घातला तर बोलला न्हाईसा. वल्ल्या पायानं तसंच वर गेलासा. म्हटलं, गुर्जी लय ताठल्यात आज."

"तू लेख वाचलास काय?"

"मला कुठं वाचाय येतंय," हरिबा हसला, आणि पुन्हा झाडू लागला.

तिथून गुरुजी तडक लीलाबाईकडं गेले. चुलीजवळ बसून, मान खाली घालून बोलले. "काकी, मी खोटं लिहिलं. मी झोपलो होतो. वीणा फरशीवर पडली होती."

"असं काय बोलाय लागलासा?" लीलाबाई म्हणाली. "पान्याचा तांब्या घिऊन मी आलेवते की. वीणा तुमच्या गळ्यात, ह्यास्नी भिताडाला टेकवून बसवलेलं. तुमीच तर म्हटलासा, काकी, आता पानी नगं."

"मग महिनाभर मला काय विचारत होता?"

"म्या? कवा?"

तिच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती. गुरुजींच्या प्रकृतीची.

निदान एका ठिकाणी तरी खरं राहू दे, म्हणून त्यांनी घरी येऊन सगळं लिहिलं. झोप, फरशी, पालथे बुवा, ओढून काढलेली वीणा. खाली संदर्भ दिला, 'स्वतः'.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ते गेलं होतं. त्याच्या जागी नवा मजकूर होता.

'त्या दुपारी आपण झोपलो होतो असं सांगत एक इसम गावात फिरतो. त्याची ओळख पटलेली नाही.'

आणि त्या लेखाखाली पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचे संदर्भ होते. लीलाबाई. हरिबा गुरव.

गुरुजी तसेच उठले. भर उन्हात लीलाबाईच्या दारात जाऊन कडी वाजवली. दार अर्धंच उघडलं.

"कोण पायजे?"

"काकी, मी."

तिनं त्यांच्याकडं खालून वर पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती.

"गुर्जींकडं आलायसा व्हय? जेवाय बसल्यात. थांबा वाईच."

आत कुणीतरी घसा खाकरला. चाळीस वर्षं वर्गात पाऊल टाकण्याआधी गुरुजी खाकरायचे, तसा.