भीतीच्या जिन्यावर

मी त्याची बाही धरली तेव्हा तो कोण, कुठला, मला काहीच माहीत नव्हतं.

कात्रजच्या सर्पोद्यानात रविवारची गर्दी होती. माझी रूममेट शालू मला ओढतच घेऊन आली होती. अमरावतीहून नोकरीसाठी पुण्यात येऊन काही महिने झाले होते, तरी ऑफिस आणि खोली यांच्यापलीकडे मी पुणं पाहिलंच नव्हतं. काचेपलीकडे नाग निवांत पडला होता. मी वाकून बघायला आणि त्याने फणा काढायला एकच गाठ पडली! मी जोरात किंचाळले, मागे सरकले आणि हाताला जे लागलं ते घट्ट धरलं.

"मध्ये काच आहे," कानाजवळ आवाज आला. "आणि शर्ट इस्त्रीचा आहे."

वळून पाहिलं तर चष्मा लावलेला एक उंच मुलगा. माझ्याकडे न बघता तो सरळ समोर बघत होता. मी बाही सोडली. सोडताना त्याच्या हाताला हात लागला आणि तो चक्क गार होता... भर मे महिन्यात! पण मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं की पुढचा विचार मी केलाच नाही. सॉरी म्हणायचंही राहून गेलं.

मंगळवारी संध्याकाळी तोच मुलगा आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये बसलेला दिसला. शर्ट इस्त्रीचाच होता.

त्या मीटिंग रूममध्ये आम्हाला इंग्रजी शिकवायचं ठरलं होतं, आणि त्याला कारण झाले होते आमचे टीम लीड दिगंबर सर. रिपोर्टमधली एक तारीख चुकत होती. सरांनी अमेरिकेतल्या क्लायंटला मेल केलं, "वी आर टेरिफाइड." त्यांना म्हणायचं होतं, जरा काळजी वाटते. तिकडे लोकांना वाटलं, इथे सगळं कोसळलं! धावपळ करून त्यांनी तातडीचा कॉल लावला आणि बघतात तर काय, एक तारीख. मग कंपनीने शनिवार पेठेतल्या निवृत्त शिक्षिका सुनीती मॅडमना बोलावलं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक जिना काढला. तळाला लिहिलं अनईझी, मग नर्व्हस, मग स्केअर्ड, त्यावर टेरिफाइड आणि अगदी वर पेट्रिफाइड. समजावत होत्या इंग्रजीतच, पण ते इंग्रजीही पेठेतलंच होतं. भर दुपारी दाराची बेल वाजली तर अनईझी. दारात घरमालक दिसले तर नर्व्हस. ते "सहज आलो" म्हणाले तर स्केअर्ड.

"आणि पेट्रिफाइड म्हणजे माणसाचा दगड होतो," त्या म्हणाल्या. "तो ओरडत नाही, पळत नाही. जो ओरडला, तो अजून खालच्या पायरीवर आहे असं समजा."

त्यांचे नियम दोनच होते. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं. आणि वर्गात जो मराठी बोलेल त्याने चार मजले उतरून टपरीवरून सगळ्यांचा चहा आणायचा, तोही लिफ्टने नाही.

जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला नेमका तोच आला. नाव सलिल, खालच्या मजल्यावरच्या डेव्हलपमेंट टीममधला, राहणार नारायण पेठ.

"आय वॉज टेरिफाइड ऑफ द स्नेक," मी घाईघाईने माझं वाक्य उरकलं.

"आय नो," तो म्हणाला. "माय शर्ट ऑल्सो नोज."

मी फणकाऱ्याने मान वळवली, आणि हसू आलं ते दाबायला गेले तर ठसकाच लागला. त्याने पाण्याची बाटली पुढे सरकवली. चेहरा मात्र जसाच्या तसा, मख्ख.

शुक्रवारी मला वर्गाला यायला उशीर झाला. मी टेकते न टेकते तोच त्याची पाळी आली. फळ्याकडे बघत तो म्हणाला, "आय फील अनईझी व्हेन हर चेअर इज एम्प्टी."

मॅडम म्हणाल्या, "करेक्ट."

करेक्ट म्हणजे काय करेक्ट? वाक्य की...? माझे कान तापले. पुढच्या वेळी त्याला नर्व्हस शब्द आला, तर मी दिगंबर सरांशी हसून बोलते तेव्हा तो नर्व्हस होतो म्हणे! दिगंबर सर, दोन मुलांचे बाप, बिचारे खुर्चीतच अवघडले. सगळा वर्ग हसला, सलिल तेवढा हसला नाही.

आता यातून मी काय समजायचं? आमच्याकडे माणूस रागावला तर रागावलेला असतो आणि गोड बोलला तर गोड. पुण्यात "वा, छान!" हे कौतुक आहे की कानउघाडणी, हे कळायला जन्मच इथे घ्यावा लागतो. त्यात हा बोलणार इंग्रजीत, तेही गृहपाठ म्हणून. त्याचं कुठलं वाक्य खरं धरायचं आणि कुठलं सोडून द्यायचं याचा मला काही केल्या उलगडा होईना. जेवताना तेच, बसमध्ये तेच.

"विचारून टाक ना त्याले!" शालू वैतागली. ती यवतमाळची. "काऊन माझं डोकं खाऊन राहिली?"

म्हणून मी विचारलं. वर्ग सुटल्यावर जिन्यात गाठलं.

"तुम्ही ते खुर्चीचं म्हणाले... ते खरं होतं का?"

"का? ग्रामर चुकलं का?"

"नाही..."

"मग झालं तर."

तो उतरायला लागला. वळणावर थांबला, वर बघितलं, चष्मा नीट केला... आता बोलेल असं वाटलं. आणि गेला की निघून! त्या बघण्याने मी होते त्याहून जास्त गोंधळले.

तेवढ्यात एचआरच्या नीरजा मॅडमनी बोलावलं. बंगलोरच्या नव्या प्रोजेक्टला टेस्टर हवी होती, दोन वर्षांसाठी. पगार हाच, काम हेच. "शुक्रवारी सहाच्या आत सांग," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी दुसरं नाव देते."

खरं सांगायचं तर बंगलोरला जायची मला अजिबात हौस नव्हती. पण राहायचं तर कशासाठी? कुणीतरी "जाऊ नको" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पार्किंगमध्ये त्याला मुद्दाम सांगायला गेले, शुक्रवारी सहाच्या मुदतीसकट.

तो स्कूटरची किल्ली बोटांत फिरवत होता. ती फिरायची थांबली.

"छान," तो म्हणाला. "हवा चांगली आहे म्हणतात तिकडची."

"बस? एवढंच?"

"सापही काचेतच असतात तिथे."

मला भयंकर राग आला. गुलमोहराखाली उभी राहून मी त्याची स्कूटर फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिले आणि मग रडूच कोसळलं. ठरवलं, जायचं. शुक्रवारी वर्ग झाला की सरळ हो म्हणून टाकायचं.

शुक्रवारी पाचला मॅडमनी प्रत्येकाला एकेक शब्द दिला. सलिलला आली सगळ्यात वरची पायरी. तो उभा राहिला. आज पहिल्यांदाच त्याचा शर्ट चुरगळलेला होता.

"आय वॉज पेट्रिफाइड इन कात्रज," तो म्हणाला.

वर्गात हशा पिकला. हशा ओसरल्यावर तो पुढे बोलला.

"शी वॉज ओन्ली टेरिफाइड. शी शाउटेड. आय... आय कुड नॉट."

आणि मला तो हात आठवला. भर मे महिन्यातला गार हात. काचेकडे सरळ बघत राहिलेला, जागचा न हललेला सलिल. मी मेली समजत होते, हा माझी थट्टा करतोय!

"आय ॲम पेट्रिफाइड टुडे ऑल्सो," तो म्हणाला. "बिकॉज ॲट सिक्स ओ'क्लॉक..." आणि त्याने टेबलाची कड धरली.

माझ्याच्याने राहवलं नाही.

"खरं बोलून राहिले तुम्ही, का वाक्य करून राहिले?"

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "राजनंदिनी, चहा."

"खरं," सलिल म्हणाला. मराठीत. माझ्याकडे बघून, आणि या वेळी चेहरा मख्ख नव्हता. "पहिल्या वाक्यापासून सगळं खरं. इंग्रजीत म्हटलं की अंगाशी येत नाही असं वाटलं होतं. तू जाणार कळल्यापासून... जाऊ नको. म्हणजे... तुझं तू ठरव. पण जाऊ नको."

तू! पहिल्यांदाच तू. दिगंबर सर छताकडे बघायला लागले.

"सलिल, तूही जा," मॅडम म्हणाल्या. "एकटीला एवढे कप झेपायचे नाहीत. आणि माझ्यात साखर कमी."

"मॅडम, तुम्हीपण मराठी..." मागून कुणीतरी म्हणालं.

"मग पुढच्या वेळी मी आणीन," मॅडम म्हणाल्या. "नेक्स्ट वर्ड."

आम्ही निघालो. दुसऱ्या मजल्यावर एचआरचं दार उघडंच होतं. मी आत डोकावले.

"नीरजा मॅडम, मी नाही जात बंगलोरला."

"का गं? काय झालं?"

"चहा आणायला चालले," मी म्हटलं. त्यांना काय समजायचं ते त्या समजल्या असतील.

सलिल जिन्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"सापांना इतका भितो, तर गेला कशाला होता तिथं?" मी विचारलं.

"मावशी आली होती बेळगावहून. तिला नाही म्हणायची भीती जास्त."

मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि पुढची पायरी दिसेना. माझा हात आपसूक त्याच्या बाहीकडे गेला, पण कात्रज आठवलं आणि मी तो मागे घेतला.

"धर," सलिल म्हणाला. "आज इस्त्री नाही केलेली."