थकलेल्या तबकड्या

मास्तरांचा फोन ठाण्यात रोज यायचा आणि रोज तेच सांगायचा. माझ्या बायकोची तबकडी चोरीला गेलीय, कुणीतरी या. फौजदार बाई शेवटी गेल्या, पण काही शोधायला म्हणून नाही. म्हातारा डोकं खातोय, एकदाचं मिटवून टाका, असा वरून हुकूम होता. बाई आधीच टेकीला आल्या होत्या. रजा मागून मागून तोंड दुखलं होतं, आणि बुटात पाय सुजले होते ते वेगळंच.

मास्तर म्हणजे शिंपीकामातले मास्तर. उभा जन्म दुसऱ्यांच्या खांद्याची मापं घेण्यात गेलेला. आता दोन खोल्या, कापड घालून झाकलेलं शिलाई मशीन, भिंतभर तबकड्या आणि खिडकीशी एक जुना रेकॉर्ड प्लेअर, एवढाच काय तो संसार. दार मुलीनं उघडलं; ती वेगळी राहायची, पण येऊन-जाऊन असायची. तिनं बाईंना थेट स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली करून सगळं सांगितलं. बाबा विसरतात. मध्ये गॅस चालू राहिला होता. तबकडी त्यांनीच कुठेतरी ठेवली असणार. ती गेलेल्या आईची होती, आई हौसेनं गायची, एकदाच कुठल्याशा स्टुडिओत जाऊन करून घेतलेली, त्यामुळे दुसरी प्रत नाही. पण म्हणून रोज पोलिसांना फोन करायचा का?

"आता तर म्हणतात, घरातल्या सगळ्याच तबकड्या थकल्यात," मुलगी म्हणाली. "गाणारे दमल्यासारखे गातात म्हणे. तबकडी कधी थकते का हो?"

सोमवारी ती त्यांना वृद्धाश्रमात नेणार होती. जागा ठरली होती. मी वाईट मुलगी नाही, असं ती दोनदा म्हणाली. नोकरी, घर, वर हे. तिचंही काही उरलं नव्हतं. बाईंना तिथेच तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसावंसं वाटलं, पण त्या बाहेर आल्या.

"तबकडी कुठे असायची?"

"प्लेअरच्या बाजूला. सकाळी पहिली तीच लागायची," मास्तर म्हणाले.

"गेली कधी?"

"डोळे तपासायला गेलो होतो त्या दिवशी. परत आलो तर कव्हर जागच्या जागी, आत काही नाही."

"कुलूप?"

"होतं. चावी पायपुसण्याखाली."

"कुणाला ठाऊक होतं?"

मास्तर जरा ओशाळले. "ग्रुपला."

ग्रुप म्हणजे फोनवरची 'सुईखालची मंडळी'. देशोदेशीचे पन्नासेक जण, सगळे तबकड्यांचे वेडे. सकाळी प्रत्येकानं आपल्याकडे काय वाजतंय त्याचा छोटा व्हिडिओ टाकायचा आणि मग दिवसभर गप्पा हाणायच्या, हा नेम. मास्तरांनी फोन बाईंच्या हातात दिला. बाई मागं मागं जात वाचत राहिल्या. या माणसानं ग्रुपवर काय सांगितलं नव्हतं? गुडघेदुखी, गळका नळ, चावी कुठे असते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जाणार. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस असाच बोलतो, दुसरं काय.

गावातले तिघंच होते. एक दातांचा डॉक्टर. ती तबकडी मला विका म्हणून त्यानं मास्तरांचा पिच्छा पुरवला होता. दुसरा बसचा ड्रायव्हर, ग्रुपवर त्याला 'खरखर' म्हणत. मास्तरांचा प्लेअर किंचित जोरात पळायचा, आणि यांच्याकडे गाणाऱ्यांना कायम गाडी पकडायची असते, अशी त्याची चेष्टा प्रत्येक व्हिडिओखाली ठरलेली. तिसरे ग्रंथपाल, ग्रुप चालवणारे. बोलणं मऊ. त्यांनी एकदा लिहिलं होतं, एकुलती एक प्रत रोज सुईखाली घालणं म्हणजे तिला रोज थोडं थोडं खरवडणं आहे. त्यावर मास्तरांनी उत्तर दिलं होतं, माझी बायको आहे, कपाटात ठेवू का?

चोरीनंतर तिघंही येऊन भेटून गेले होते. डॉक्टर हळहळला. खरखर रडला. ग्रंथपालांनी मुलीला बाजूला घेऊन, या वयात असं होतं, असं समजावलं आणि आश्रमाचा नंबरही काढून दिला. देवमाणूस, असं मुलगी म्हणाली. मास्तरांनी त्या दिवसापासून ग्रुपवर एकही व्हिडिओ टाकला नव्हता.

बाईंना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, लावा एखादी, बघू कशी थकलीय ती. मास्तरांनी लावली. बाईंच्या कानाला ती बरी वाटली. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, फोनमधला त्याच तबकडीचा जुना व्हिडिओ शोधून त्यांनी दोन्ही गाणी एकाच ओळीवर आणली आणि एकदम सुरू केली.

पहिलं कडवं संपेपर्यंत फोनमधली गायिका पुढे निघून गेली होती.

बाईंनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग प्लेअर हळूच कलता केला. तळाशी वेग कमीजास्त करायचा एक स्क्रू होता. सगळा तळ धुळीनं माखलेला, आणि स्क्रूच्या खाचेत तेवढा ताजा ओरखडा चमकत होता.

"हा तुम्ही फिरवलात?"

"फिरवला होता. पण बायको होती तेव्हा. त्यानंतर बोट लावलं नाही."

बाई मुलीकडे वळल्या. "तुमचे वडील खरं सांगताहेत. तबकड्या सावकाश फिरतात. आधी जोरात फिरायच्या, कुणीतरी स्क्रू फिरवून वेग कमी केलाय."

मुलगी हातातली कपबशी तशीच धरून शिलाई मशीनवर टेकली.

बाईंनी मास्तरांना स्क्रू पूर्वीसारखा करायला सांगितला. त्यांनी डोळे मिटून, कानानं अंदाज घेत तो फिरवला. मग एक तबकडी लावली, व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. बाई फोन हातात धरून बसल्या. मंडळी तुटूनच पडली. मास्तर आले, मास्तर आले. खरखरनं लगेच गाडी पकडायची चेष्टा केली. डॉक्टरनं हात जोडले. आणि मग ग्रंथपालांची ओळ आली.

'मास्तर, वेग परत वाढवलात? आता कुठे नीट झाला होता.'

क्षणभरानं त्यांनी ती पुसली. पण बाईंनी वाचली होती.

वाचनालयात दुपारची सुस्ती होती. दोन म्हातारे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. ग्रंथपालांनी बाईंना पाहिलं आणि हातातला शिक्का खाली ठेवला.

"प्लेअर नीट झाला होता, हे तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं. "तबकडी गेल्यापासून मास्तरांनी गाण्याचा आवाजसुद्धा ग्रुपवर टाकला नव्हता. भेटायला आलात तेव्हाही प्लेअर बंदच होता, मी मुलीला विचारलंय. तो नीट झालाय हे फक्त ज्यानं केला त्यालाच माहीत."

त्यांनी शाईच्या डबीचं झाकण लावलं.

"तुम्ही चावी घेऊन आत गेलात. तबकडी धड आहे का बघायला तिथेच लावून पाहिलीत. वेग चुकीचा, आणि तुमच्या कानाला ते काही सोसेना. चोर निमूट निघून गेला असता. तुम्ही आधी स्क्रू नीट केलात. आज पुन्हा चुकीचा ऐकलात आणि पुन्हा राहवलं नाही."

"मी ती विकणार नव्हतो," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी कपाट उघडून मऊ कापडात गुंडाळलेली तबकडी काढली. "घासून घासून संपवली असती त्यांनी. अजून दोन वर्षांत त्यात नुसती खरखर उरली असती. मी वाचवली. प्रत काढली, साफ केली. वेग अगदी अचूक."

"आणि आश्रमाचा नंबर? तोही वाचवायलाच?"

ग्रंथपाल तबकडीवरचं कापड नीट करत राहिले. बाईंना राग आला, पण रागवायलाही अंगात बळ लागतं. चला, म्हणाल्या, स्वतः नेऊन द्या.

मास्तरांनी तबकडी घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मांडीवर ठेवली. ग्रंथपाल त्यांच्या नजरेला नजर देईनात. निदान हे तरी ऐका, म्हणत त्यांनी फोनवर आपली प्रत लावली. आवाज स्वच्छ होता, भरदार, शांत. खरखरीचा मागमूस नव्हता.

मास्तर लक्ष देऊन ऐकत होते.

"ही कोण बाई?" त्यांनी विचारलं.

मुलीचा चेहरा उतरला. ग्रंथपालांनी फौजदार बाईंकडे पाहिलं, मी म्हणत नव्हतो का, अशा नजरेनं. एक क्षण बाईंनाही शंका आली.

मास्तर उठले. त्यांनी तबकडी प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. खरखर सुरू झाली, आणि तिच्यातून एक पातळ, थोडा घाईतला, हसरा आवाज वर आला. मुलीनं तोंडावर हात दाबला.

"आई," ती म्हणाली. "भाकऱ्या करताना अशीच गायची."

"त्या स्टुडिओतलं यंत्र बिघडलेलं होतं," मास्तर म्हणाले. "आवाज भरताना जोरात फिरलं. त्यामुळे तबकडी बरोबर वेगानं लावली की ती परकी वाटायची. बायको म्हणाली, हा जाडा आवाज माझा नाही. मग मी स्क्रू फिरवत गेलो आणि ती शेजारी उभी राहून गात गेली, दोघींचा आवाज जुळेपर्यंत. बाकीचे गाणारे जरा घाईत गातात, तर गाऊ देत."

ग्रंथपाल भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या फोनवर ती दुसरी बाई अजून गात होती. त्यांनी ती बंद केली.

फौजदार बाईंना जबाब घ्यायचा होता, कागद व्हायचे होते, ग्रंथपालांना ठाण्यात न्यायचं होतं. त्यांनी मास्तरांना विचारलं, गाणं संपेपर्यंत बसू का? आणि उत्तराची वाट न पाहता त्या बसल्या. मुलीनं वृद्धाश्रमाला फोन लावला, सोमवारी आम्ही येत नाही असं सांगितलं आणि येऊन वडिलांच्या पायाशी बसली.