लाईन मोकळी आहे का?

दार लोटून घ्या आणि मध्ये बोलू नका. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. तो वायरमन. चालू विजेत हात घालणारा माणूस, भुताखेतांना कसला भितोय! आणि थापा मारायचं खातं आमच्यात माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही.

गेल्या वर्षी सोळा डिसेंबरला, मंगळवारी, तो आपल्या जुन्या स्टेशनवर गेला. दुसऱ्या दिवशी इमारत पाडणार होते. आत त्याच्या वडिलांच्या हातचं एक रजिस्टर होतं, ते आणायचं. काम एवढंच.

वडील तिथले स्टेशनमास्तर. दगडाच्या खाणीसाठी टाकलेली ती लाईन, नंतर पॅसेंजरही धावायला लागली. रूळ एकेरी. त्यामुळे गाडी सोडण्याआधी पलीकडचं स्टेशन फोनवर विचारायचं, "लाईन मोकळी आहे का?" इकडून "मोकळी" म्हटलं की गाडी सुटायची. एका धुक्याच्या रात्री मास्तर "मोकळी" म्हणाले. मालगाडी अजून वाटेतच उभी होती.

सव्वीस माणसं गेली.

पुढे स्टेशन बंद पडलं. रूळसुद्धा उपटून नेले.

तर, रात्रीचे पावणेआठ. साडूने मास्तरांच्या खोलीतलं कपाट उघडलं, रजिस्टर काखेत मारलं, आणि वळला...

फोन वाजला.

भिंतीवरचा जुना फोन. त्याने टॉर्च मारला. वायर तुटून लोंबत होती. वायरमनला आणखी काय सांगायचं?

वाजतच राहिला. शेवटी त्याने उचलला.

"मास्तर... लाईन मोकळी आहे का?"

त्याची पाचावर धारण बसली. पण वडील आठवले आणि तो जीव खाऊन ओरडला, "नाही! मोकळी नाही! गाडी थांबवा!"

पलीकडे नुसता श्वास...

मग हळूच, "आता सांगता होय, मास्तर?"

त्याने रिसीव्हर कानाशी आणखी दाबला.

"सोडली की."

जमीन थरथरली. बाहेर दिवा नाही. शिट्टी नाही. नुसता खडखडाट. डब्यामागून डबा... डब्यामागून डबा... आणि मग...

नाही. पुढचं त्याने मलाही सांगितलेलं नाही.

सकाळी मजुरांना तो फलाटावर बसलेला दिसला. "मी नाही म्हटलं होतं," एवढंच पुटपुटत होता. त्याला घरी आणायला मीच गेलो. रात्रभर दव पडलेलं. गवत, खडी, सगळं ओलंचिंब. फक्त फलाटाखाली, पूर्वी रूळ होते तिथे, दोन सरळ पट्टे लांबवर गेलेले... कोरडे.

मी वाकलो. हात लावला.

खडी गरम होती.