शेवटच्या खुंटीवरचा शर्ट

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीवर डुबकीला निघायचं होतं, म्हणून सिलिंडर रात्रीच गाडीत चढवून ठेवायचे होते. तेवढ्याच कामासाठी नव्या तुकडीतली मंडळी डायव्हिंग क्लबच्या सामानखोलीत जमली होती. खोली तरणतलावाच्या मागच्या अंगाला होती. तिथे बारा महिने क्लोरीनचा आणि ओल्या रबराचा वास असे. भिंतीला ओळीने खुंट्या, खुंट्यांना काळे वेटसूट टांगलेले. आणि अगदी शेवटच्या खुंटीवर, सगळ्या काळ्यात एकटा, पांढराशुभ्र, पूर्ण बाह्यांचा शर्ट. खाली प्लास्टिकचं एक पसरट भांडं.

"काका, तुमचा शर्ट किती दिवस वाळतोय?" ठिणगीने सिलिंडर खाली ठेवत विचारलं. "मी क्लबात आल्यापासून बघतेय."

ठिणगी हे नाव तिला तुकडीने ठेवलेलं. कॉलेज संपून वर्ष झालं होतं, आणि हळू चालणाऱ्या, हळू बोलणाऱ्या, हळू जेवणाऱ्या सगळ्या माणसांवर तिचा राग होता.

"माझा नाही तो," काका म्हणाले. तेच क्लबचे प्रशिक्षक. केस पिकलेले, पण पाण्यात उतरले की वीस वर्षांनी लहान व्हायचे. त्यांनी शेवटचा सिलिंडर मोजला, हात पुसले आणि बाकावर बसले. "दार लोटून घे. बसा जरा. दुपारपासून एक गोष्ट सांगायची राहिलीय."

दुपारपासून म्हटल्यावर ठिणगीने मान वळवली. दुपारी तलावावर उद्याची तालीम झाली होती. तिचे जोडीदार म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना सगळे आजोबा म्हणत. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचं सामान तपासायचं असतं. आजोबा एकेक बकल हाताने चाचपत, स्वतःशी पुटपुटत, पार्सलाला शिक्के मारावेत तसे तपासत होते. ते तिच्या मानेमागे सिलिंडरच्या नॉबपर्यंत पोचले आणि तिचा धीर सुटला.

"राहू द्या हो आजोबा, मी बघितलंय. तुमचं होईपर्यंत माझं लग्न होऊन मुलं पोहायला लागतील."

सगळे हसले होते. आजोबाही हसले होते. मग त्यांनी हात मागे घेतला होता. काकांनी ते बघितलं होतं, हे तिला आता कळलं.

"माझ्या ओळखीतला माणूस," काका म्हणाले. "दातांचा डॉक्टर. चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या वर त्याचा दवाखाना."

"भुताची गोष्ट आहे का?" कोणीतरी विचारलं.

"घडलेली आहे. तुम्ही काय ते ठरवा."

नोव्हेंबरची चौदा तारीख, मंगळवार. डॉक्टरने नऊ वाजता दवाखाना बंद केला आणि क्लबाकडे निघाला. बायकोने एक काम सांगितलं होतं. तिच्या धाकट्या भावाचं डायव्हिंगचं सामान क्लबातच पडून होतं, ते घरी आणायचं. भाऊ जाऊन महिना झाला होता. आईला त्याची एखादी तरी वस्तू डोळ्यांसमोर हवी होती.

डॉक्टर क्लबात आला होता तो या मेव्हण्यामुळेच. मेव्हणा आर्किटेक्ट, तिशीतला, गमत्या. डॉक्टरचं पोट सुटलेलं, जिना चढला की धाप. "भावोजी, चला हो माझ्याबरोबर. पाण्यात वजन लागत नाही, तुम्हाला अप्सरेसारखं वाटेल," असं म्हणून त्याने ओढत आणलं. सुरुवातीला फजिती झाली. डॉक्टर पाण्याखाली नाकाने श्वास घ्यायला जाई आणि ठसकत वर येई.

"आयुष्यभर पेशंटला सांगितलंत, तोंड उघडं ठेवा, नाकाने श्वास घ्या," मेव्हणा म्हणे. "आता तुमची पाळी. तोंडाने घ्या, आणि बोलू नका. ताईला म्हटलं, बघ, तुझा नवरा गप्प बसतो अशी जागा मी शोधून काढली."

डॉक्टर हसे. पण आतून जळे. वीस-बावीसची पोरं भराभर शिकत होती. बायकोचा धाकटा भाऊ, ज्याच्या दुधाच्या दाताला लागलेली कीड यानेच काढली होती, तो आता याच्या पट्ट्या आवळायचा. घरी मात्र कसं, जावई आले की सासूबाई खुर्ची पुसून देणार. मेव्हणा उठून उभा राहणार. सवय लागते माणसाला.

खाणीवरच्या पहिल्या डुबकीच्या दिवशी ती सवय नडली. काठावर सगळी तुकडी उभी. मेव्हण्याने नेहमीप्रमाणे जोडीदाराची तपासणी सुरू केली. कमरपट्टा झाला, बकल झाली. मानेमागे सिलिंडरच्या नॉबकडे हात नेला, तसा डॉक्टर म्हणाला, "पुरे रे. मी काय कुक्कुलं बाळ आहे? कालच्या पोराने मला शिकवायचं?"

सगळ्यांसमोर. मेव्हणा क्षणभर थांबला. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने उभा राहा म्हणाला असता. पण भावोजी म्हणजे भावोजी. त्याने हात मागे घेतला.

"पण का घेतला?" ठिणगी उसळली. "मोठा आहे म्हणून त्याची चूक दाखवायची नाही? हा कुठला नियम? असल्या मानापानानेच तर..."

"तेच सांगतोय," काका शांतपणे म्हणाले.

सिलिंडर पाठीवर चढवण्याआधी नॉब उघडताना डॉक्टरने गोंधळ केला होता. उघडा होता तो बंद केला, मग घाईने अर्धाच फिरवला. अर्धा उघडा नॉब काठावर कळत नाही. हवेचा काटा पूर्ण दाखवतो, श्वासही नीट येतो. खोल गेलं की हवा पुरत नाही. प्रत्येक श्वास ओढून काढावा लागतो. मग तोही येत नाही.

खाणीच्या तळाशी, हिरव्या अंधारात, डॉक्टरला श्वास आला नाही.

अशा वेळी काय करायचं ते तुम्हाला शिकवलंय. गळ्यावरून हात फिरवून खूण करायची. जोडीदाराच्या छातीवर श्वास घ्यायचा पिवळा जादा माउथपीस असतो, तो घ्यायचा. डॉक्टरला काही आठवलं नाही. त्याने मेव्हण्याच्या तोंडातला माउथपीस उपसला. दोन श्वास घेतले. आणि तो सोडून, लाथा झाडत वर सुटला. त्यातली एक लाथ मेव्हण्याच्या मास्कवर बसली. मऊ काहीतरी पायाला लागलं, ते त्याला कळलं. त्याने खाली बघितलं नाही.

वर आला. मोकळी हवा. काठावरच्यांचं अजून लक्ष नव्हतं. आणि ओरडायच्या आधी, हे नीट ऐका, मदतीला ओरडायच्या आधी त्याने हात मानेमागे नेला. एरवी तालमीत त्याचा हात तिथवर पोचत नसे. त्या दिवशी पोचला. त्याने नॉब पूर्ण उघडला.

मग ओरडला.

आजोबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

सगळ्यांना त्याने सांगितलं, तो माझ्यामागे होता, अचानक दिसेनासा झाला. सामान तपासलं, सगळं ठीक. नशीब म्हणून सगळे गप्प बसले. सासूबाईंनी तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही तरी वाचलात. त्या हाताखाली तो बसून राहिला. बायको रात्री रडता रडता त्यालाच थोपटायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिला वाटायचं, दुःख आहे. दुःख नव्हतं ते. लाज होती. लाजेने माणूस मोकळेपणी रडूही शकत नाही.

तर, मंगळवारची रात्र. कुलूप काढून तो याच खोलीत आला. हाच दिवा. हाच बाक. शेवटच्या खुंटीवर मेव्हण्याचा सूट, त्याच्या शेजारी नळीसकट माउथपीस टांगलेला. महिनाभर कोणी हात लावला नव्हता. सगळं कोरडं ठणठणीत.

त्याने पिशवी उघडली. सूट घडी करायला घेतला.

मागे आवाज झाला.

सूंऽऽ...

पाण्याखाली आपला आपल्याला येतो तो आवाज. श्वास आत. मग बुडबुडे. खळखळ... खळखळ...

त्याने वळून बघितलं. माउथपीस खुंटीवर होता. नळीचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. सिलिंडर जोडलेलाच नव्हता.

सूंऽऽ...

त्याला पळायचं होतं. तो दाराकडे वळला.

मग मानेवर काहीतरी टेकलं. गार. ओलं. दोन बोटं. मानेच्या मागे, बरोबर जिथे सिलिंडरचा नॉब येतो तिथे. घाई नव्हती त्या बोटांना. तपासत होती. जोडीदार तपासतो तशी.

बोटं फिरली. अर्धा फेरा.

त्याचा श्वास आखडला.

ओढला, आला नाही. पुन्हा ओढला. थोडासा आला. डोळ्यांपुढे हिरवं झालं...

"सांगतो," तो म्हणाला. आवाज निघाला की नाही, त्यालाही माहीत नाही. "तिला... सांगतो."

बोटं थांबली. उलटी फिरली. हवा आली.

तो पिशवी घेऊन सुटला तो थेट घरी. बायको दारातच होती. तिने पिशवी उघडली, सूट छातीशी धरला. म्हणाली, "बरं झालं, शेवटी तुम्ही होतात त्याच्याजवळ. एकटा नव्हता तो."

आता सांगा बरं. कसं सांगणार?

"तोंडाने," ठिणगी म्हणाली. पण तिचा आवाज मघासारखा चढला नाही.

नाही सांगितलं त्याने. म्हणाला, दमलोय. आणि झोपायला गेला. शर्ट काढला तेव्हा कॉलर मागून ओली होती. घाम असेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुसरा शर्ट, तेच. तिसरा शर्ट, तेच. मानेमागे दोन बोटांएवढी ओल. धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या शर्टावरून बायको इस्त्री फिरवायची, आणि कॉलरच्या मागे आली की इस्त्री चरचरायची. सूंऽऽ. ती वाफ खाणीच्या पाण्यासारखी वास मारायची. बायको शर्ट उलटसुलट करून बघायची, आणि मग त्याच्याकडे.

शेवटी एका रविवारी तिने नवा शर्ट आणला. खोक्यातून काढला, टाचण्या काढल्या. तो समोर बसला होता. तिने इस्त्री बाह्यांवरून नेली. पाठीवरून नेली. कॉलरवर आणली.

सूंऽऽ...

तिने इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं.

"काय झालं होतं खाली?" तिने विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. नॉबपासून लाथेपर्यंत. आणि वर आल्यावरच्या त्या हाताचंही. तिने सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी आईकडे गेली ती गेलीच. जाताना भावाचं सामान नेलं. शर्ट तेवढा इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, घडी करून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तो शर्ट घेऊन इथे आला. आम्हा सगळ्यांसमोर उभा राहून त्याने हेच सांगितलं. वर मान करून नाही. चपलांकडे बघून. त्या दिवसापासून आपला नियम पक्का झाला. जोडीदाराने तपासायचं, आणि ज्याला तपासतात त्याने गप्प उभं राहायचं. जावई असो नाहीतर कोणी.

काका थांबले. आजोबा खाली बघत होते. ठिणगीला वाटलं, त्यांनी आता एकदा तरी तिच्याकडे रागाने बघावं. ते बघत नव्हते. मघाशी ती मोठ्यांच्या मानापानावर तडतडली होती. आणि दुपारी तिने काय केलं होतं? तेच. फक्त बाजू बदलून. तिचे कान तापले.

"आणि शर्ट?" कोणीतरी विचारलं.

"उन्हात घातला. हीटरपुढे धरला. कॉलरची ती जागा वाळत नाही. म्हणून खाली भांडं ठेवलंय. रोज थोडं पाणी साठतं, मी ओततो." काकांनी ठिणगीकडे बघितलं. "विचारत होतीस ना? लाव हात."

ती उठली. नाही म्हणाली असती तर घाबरली असं झालं असतं. खुंटीपाशी गेली. कॉलर उलटी केली. बोटं टेकवली.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

कोणीतरी सुटल्यासारखं हसलं. "काका, चांगली टोपी घातलीत."

काका हसले नाहीत. ते उठून आले. त्यांनी कॉलर चिमटीत धरली, चोळली, दिव्याकडे धरली. मग भांड्यात बघितलं. भांडं कोरडं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू पुसलं गेलं.

"सकाळी मीच..." ते म्हणाले.

तलावाचा पंप बंद झाला होता.

"पोरी," आजोबा म्हणाले. ते तिच्या मागे उभे होते. "केस ओले आहेत का गं तुझे?"

तिने केस दुपारीच वाळवून वर बांधले होते.

तिचा हात मानेमागे, पिवळ्या टी-शर्टाच्या ओल्या गळ्याशी गेला. आणि तिथेच राहिला.

मग ती आजोबांकडे वळली. त्यांच्या तोंडाकडे बघणं तिला जमेना, म्हणून ती त्यांच्या चष्म्याच्या दोरीकडे बघत बोलली.

"दुपारी... चुकले मी. उद्या तुम्ही सगळं बघा. हळूच बघा. मी उभी राहीन."

"बघेन," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या काठावर ती उभी राहिली. आजोबांनी एकेक बकल पुटपुटत चाचपली, आणि मानेमागच्या नॉबला पुरता वेळ दिला. तुकडी त्यांच्यासाठी खोळंबली. दोघंही खाली जाऊन धडधाकट वर आले.

पांढरा शर्ट आता त्या खोलीत नाही. तो वाळल्याचं कळल्यावर डॉक्टर स्वतः येऊन घेऊन गेला. शेवटच्या खुंटीवर एक पिवळा टी-शर्ट आहे, मुलीच्या मापाचा. खाली तेच भांडं आहे.