बदललेली बंदूक

सकाळीच फोन वाजला. "साहेब, चौकीदार चोरी कबूल करत नाही. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुणाला दिली विचारलं की तोंड मिटून बसतो. तुम्ही लेखी द्या, म्हणजे पोलीस पुढं सरकतील."

जुन्या शस्त्रांच्या पारख्याला हा फोन बंदुकीच्या मालकाचा होता. तीन दिवसांपूर्वी बंदुकीची किंमत काढायला तो त्यांच्या घरी गेला होता. वर्षापूर्वी त्यानं पाहिली तेव्हा त्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं उडणाऱ्या, बंदुकीच्या नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती, आता नळी कोरी चकचकीत. पाच मिनिटांत तो बोलून गेला, "बदललीय!" त्या एका शब्दावर तीस वर्षं इमानानं राखण करणारा चौकीदार कोठडीत गेला होता.

तो जुने फोटो घेऊनच निघाला. फोन करणाऱ्या थोरल्या भावानं लिहून द्यायला कागद पुढं सरकवला. त्याची धाकटी बहीण दाराशी उभी होती, अंगठ्याला पट्टी.

"आधी बंदूक आणा," पारखी म्हणाला.

लाकडी दस्त्यावरची चीर फोटोतल्यासारखीच. कडीला गुंडाळलेली तारही तीच. बंदुकीची दारू ठेवायच्या वाटीतली जुनी काजळी मात्र साफ गायब.

"ताई, अंगठ्याला काय झालं?"

"फोड आलेत."

"कशानं?"

तिनं हात मागं लपवला.

"एक लिंबू मिळेल?"

"सरबत नंतर करू हो!" भाऊ वैतागला.

नळीवरचं तेल पुसून पारख्यानं रस चोळला आणि वाट पाहिली. दहा मिनिटांनी पोलादावर लाटा उमटल्या.

"बंदूक तीच आहे," तो म्हणाला. "नक्षी पोलादाच्या पोटातच असते. घासली की लपते, आंबट लागलं की वर येते. नकली माल करणारा काजळी फासतो, पुसत नाही. ही कुणीतरी पॉलिश पेपरनं घासलीय, हाताला फोड येईस्तोवर. आणि चौकीदार गप्प आहे तो कुणासाठी? ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्यासाठी."

बहिणीला रडू फुटलं. "चांगली दिसावी म्हणून घासली हो! किल्ली चौकीदारकाकांनीच दिली. तुम्ही बदललीय म्हणालात, दादा त्यांच्यावर धावून गेला... माझी जीभच उचलली नाही."

"तुमच्याआधी दोषी मी आहे," पारखी म्हणाला. कागदावर त्यानं तेच लिहिलं: बंदूक तीच, चूक माझी.

संध्याकाळी चौकीदार सुटला. पारखी पोलीस चौकीबाहेर हात जोडून उभा होता. त्यानं लिंबासकट सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या दिवशी घरात लिंबू नव्हतं का, साहेब?" त्यानं विचारलं.