मधली चित्रं

खांदा कॉलनीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर इंद्रजीतचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे मधली भिंत पाडलेला एक फ्लॅट, त्यात ओळीने मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलाच्या मधोमध काच आणि काचेखाली ट्यूबलाइट. खालून दिवसभर गिरणीची घरघर चाले आणि कागदांवर पिठाचा बारीक थर बसे. १९९४ साली पनवेलात बसून जपानी कार्टून काढतो असं सांगितलं, की लोकांना ती थापच वाटे.

काम मात्र खरं होतं. जपानमधली एक कंपनी तिथल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या कथांवर टीव्हीसाठी मालिका करत होती. मुख्य चित्रं तिकडचे चित्रकार काढत. माणूस उठायला लागला हे एक चित्र, उठून उभा राहिला हे दुसरं. या दोन टोकांच्या मधली चित्रं पनवेलने काढायची.

"मधल्या चित्राने दोन्ही टोकांचं ऐकायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही," असं इंद्रजीत प्रत्येक नव्या माणसाला बजावे.

सुमतीला हे कधी बजावावं लागलं नाही. चाळिशी ओलांडलेली, शाळेत चित्रकला शिकवून आलेली बाई. रेघ ओढली की ओढली. तिचा नवरा अविनाश अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी शिरढोणकडे कामाला म्हणून घरातून निघाला आणि परत आलाच नाही. पोलीस झाले, ज्योतिषी झाले, पेपरात फोटो छापून झाला. सुमतीच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच राहिलं आणि मनात एक सल राहिला.

"जाताना एकदा मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही हो," ती म्हणे. तिच्या लेखी, वळला असता तर तो परत येणार होता. वळला नाही, म्हणजे तिला टाकून गेला. इतकी वर्षं ती या एका गोष्टीवर अडून बसली होती. तो कुठे आहे यापेक्षा त्याने वळून का पाहिलं नाही, हेच तिला जास्त छळे.

आणि नेमका तोच प्रसंग जपानहून आला.

कथा साधी होती. एक माणूस राजधानीत चाकरीला निघतो. बायको दारात उभी राहते. तो अंगण ओलांडतो, फाटकापाशी पोचतो आणि पुढे जातो. कडेला बाजूने दिसणारं दार आणि दारातली बायको हे चित्र तिकडूनच पक्कं होऊन आलं होतं, त्याला कोणी हात लावायचा नव्हता. चालणारा माणूस तेवढा काढायचा होता, तोही पाठमोरा.

"तो वळत नाही हं, सुमतीताई," इंद्रजीत म्हणाला. "त्यांनी मुद्दाम कळवलंय. सगळी कथा त्यावर उभी आहे."

"वळत नाहीतच," सुमती म्हणाली आणि तिने पेन्सिलीला टोक काढलं.

तिने संध्याकाळपर्यंत चित्रं पुरी केली, फरफर पलटून पाहिली आणि त्यांवर वजन ठेवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी इंद्रजीतने तो गठ्ठा तिच्यापुढे आणून ठेवला.

"मान वळवलीत तुम्ही."

वळलेली होती. फार नाही, हाक ऐकू आल्यासारखा कान जरासा मागे झाला होता. सुमतीने मुकाट्याने सगळी चित्रं पुन्हा काढली. सकाळी आली तर मान आणखी वळलेली, गालाची कड दिसायला लागलेली. आणि फाटकाकडे जाताना तो माणूस डावी टाच बाहेर फेकत होता. जपानी चित्रकाराने ती तशी काढली नव्हती. अविनाश तसा चाले.

त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

इंद्रजीत व्यवहारी माणूस. डोळे थकले की रेघ भरकटते, असं म्हणून त्याने तो प्रसंग रेवाला दिला. रेवा शेजारच्या टेबलावरची तरुण मुलगी, कामाला चोख. तिने चित्रं काढली आणि स्वतःच्या हाताने कपाटात ठेवून कुलूप लावलं. सकाळी कपाट उघडल्यावर ती खुर्चीत बसूनच राहिली.

"ताई, बघा ना जरा," ती हळूच म्हणाली. "मी असं काढलं नव्हतं. आणि हे गालाला काय चिकटलंय?"

जुन्या जपानी वेशातल्या त्या माणसाच्या गालावर कागदाचा एक कपटा होता. दाढी करताना कापलं की अविनाश तिथे पेपरचा तुकडा चिकटवी आणि बऱ्याचदा तसाच बाहेर पडे. त्यावरून ती त्याला किती हसायची. त्या सकाळी त्याने कुठे कापून घेतलं होतं, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. त्या सकाळी तिने त्याचं तोंडच पाहिलं नव्हतं.

तिला रडू आलं. भीती नव्हती त्यात. इतक्या वर्षांनी कोणीतरी ओळखीचं भेटावं तसं झालं.

ती इंद्रजीतपुढे जाऊन उभी राहिली. "एकदा त्याला पूर्ण वळू दे. मी मधे आणखी चित्रं घालते. मग हवं तसं नीट काढून देईन. फक्त एकदा."

इंद्रजीतने तिच्याकडे पाहिलं. तिची हकिगत त्याला ठाऊक होती. सगळ्या कॉलनीलाच होती.

"रविवारी या," तो म्हणाला. "कोणी नसतं. रेवा, तूही ये."

रविवारी गिरणीला सुट्टी. पहिल्यांदाच त्या खोलीत पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. सुमती काढत गेली. तिला काही ठरवावं लागत नव्हतं. नाक आलं, मिशी आली, डोळे आले. दुपारपर्यंत अविनाश पुरता वळला होता.

तो रागावलेला नव्हता. एवढं बघून तिने पेन्सिल खाली ठेवली.

कच्ची चित्रं एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवायची, कॅसेटवर घ्यायची आणि टीव्हीवर चालवून तपासायची अशी स्टुडिओत पद्धत होती. रेवाने खाली दारातल्या बाईचं पक्कं चित्र ठेवलं, वर सुमतीची चित्रं एकामागून एक ठेवत गेली. इंद्रजीतने कॅसेट लावली.

तो अंगणातून निघाला. टाच बाहेर फेकत फाटकापाशी पोचला. थांबला. वळला.

त्याने घराकडे पाहिलं आणि निरोपाचा हात वर केला.

दार बंद होतं.

दारात बाई नव्हती. इंद्रजीतने कॅसेट तिथेच थांबवली. रेवाने घाईघाईने ते पक्कं चित्र उचलून उजेडात धरलं. चित्रात दार सताड उघडं होतं आणि बाई उभी होती.

"दूध उतू चाललं होतं," सुमती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. "आणि रस्त्यावर डंपर असायचे तेव्हा. सगळी धूळ घरात यायची. तो पायरी उतरला, आणि मी दार लावून घेतलं."

"ताई, बसा तुम्ही," रेवा म्हणाली.

"पुन्हा लाव," सुमती म्हणाली.

इंद्रजीतने कॅसेट मागे घेतली. सुमती पडद्याला नाक लागेल इतकी जवळ जाऊन बसली.

तो निघाला. थांबला. वळला. हात वर केला.

काढलेली चित्रं इथे संपत होती. तो मात्र तसाच उभा राहिला, बंद दाराकडे बघत, हात वर धरून.

"अहो," सुमती म्हणाली. "मी इथे आहे."

पडद्यावरच्या दारामागून कडी लावल्याचा आवाज आला. तिघांनीही तो ऐकला.

त्याने हात खाली घेतला आणि पाठ फिरवून तो चालू लागला.

आवाज बंद करायला म्हणून इंद्रजीतने टीव्हीच्या बटणाकडे हात नेला आणि तो तसाच थांबला. कॅसेटवर अजून आवाज भरलेलाच नव्हता.